सटीपुढचा कोरा कागद

या लेखातली माणसांची नावं बदलली आहेत. जिची ही हकिकत आहे तिला मी लिहू का म्हणून फोनवर विचारलं. ती म्हणाली, "बरय." म्हणजे लिही. तिची सासू गेल्या वर्षी वारली, त्यामुळे आता अडचण नाही, असंही तिने सांगितलं. मग मी लिहायला बसले.

गोवा घटकराज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पोलिसांत भरती झाले. माहेर पेडण्याचं, नेमणूक डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्यावर. त्या ठाण्यात बाई मी एकटीच. लोकांना वाटतं, पोलिसातली बाई म्हणजे पाठलाग आणि दंडुका. मी चोवीस वर्षांत एकदाच धावले, ती सुद्धा शिरगावच्या जत्रेत, आईपासून चुकलेल्या एका पोरीच्या मागे. एरवी लेडी कॉन्स्टेबलचं काम म्हणजे हजर असणं. बाईला अटक करायची तर मी हजर, बाईच्या घराची झडती घ्यायची तर मी हजर. प्रश्न साहेब विचारणार, उत्तर हवालदार लिहिणार, मी भिंतीला टेकून उभी. कागदावर माझं नाव शेवटी यायचं, तेही कधी कधी राहून जायचं.

हजर राहून माणूस पुष्कळ शिकतो. परराज्यातले पोलीस तपासाला आले की काय होतं ते मी तसंच शिकले. असे पोलीस आधी स्थानिक ठाण्यावर येतात, डायरीत आल्याची नोंद करतात, मग त्यांच्याबरोबर इथला एक माणूस दिला जातो. हे झालं कायद्याचं. प्रत्यक्षात ते वाटेतच कुणाला तरी पत्ता विचारतात आणि तिथेच काम बिघडतं. एकदा दक्षिणेकडून आलेल्या तिघांनी साखळीच्या बाजारात एका पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, एका माणसाचं घर विचारलं. पोदेर सायकलवरून पाव टाकत पुढे गेला. जीप पोचेपर्यंत त्या वाटेवरच्या प्रत्येक घरी पावाबरोबर बातमीही पोचली होती. तो माणूस काजूच्या डोंगरात गेला, तो तीन आठवड्यांनी खाली उतरला.

दुसरी अडचण भाषेची. कोकणी राजभाषा झाली होती, घरोघर मराठी वर्तमानपत्र येत होतं आणि आमची डायरी इंग्रजीत होती. लोक गाऱ्हाणं कोकणीत सांगत, अर्ज मराठीत लिहीत आणि आम्ही तिसरंच काहीतरी नोंदवत असू. घाटावरच्या पोलिसांना आमचं बोलणं निम्मं कळायचं. ते निम्मं त्यांना पुरेसं वाटायचं.

फौजदार मोहिते आणि हवालदार जाधव घाटावरच्या एका जिल्ह्यातून आले, तेव्हा माझ्या नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती. मोहिते तिशीतले, चटपटीत, बोलताना घड्याळाकडे बघणारे. जाधव निवृत्तीला आलेले, बसायला जागा दिसली की बसणारे. त्यांना लाटंबार्श्याच्या एका मुलीची जबानी हवी होती. तिला मी सुलभा म्हणेन.

साखळीच्या बाजारात भाजी आणणाऱ्या घाटावरच्या एका माणसाने सुलभाचं स्थळ जुळवलं होतं. सासर बरं होतं. पिठाची गिरणी, थोडी शेती, दोन भाऊ, सासू. सुलभा धाकटी सून. थोरली सून मंगल. तिला लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. महिन्यापूर्वी मंगल स्वयंपाकघरात जळाली आणि दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यात वारली. स्टोव्हचा भडका उडाला, असं तिने मरताना सांगितलं. तिच्या उशाशी तेव्हा सासू बसलेली होती. मंगलच्या बापाने तक्रार दिली की थोरल्याला दुसरी बायको करायची होती म्हणून तिला मारली.

घरात आणखी कोण होतं, असं विचारलं तर सासू म्हणाली, धाकटी सून बाळंतपणाला आधीच माहेरी गेली होती. मोहिते इथे आले ते एवढंच तपासायला. मी त्यांना आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडे नेलं. गरोदर बाई माहेरी आली की नर्स तिचं नाव वहीत चढवते. सुलभाचं नाव मंगल गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी चढलं होतं. आठवा महिना सरत आलेला, घाटातून बसने आलेली, पायांवर सूज, असा शेरा.

"म्हणजे होती घरात," मोहिते म्हणाले. "आणा तिला ठाण्यावर."

आमच्या साहेबांनी त्यांना समजावलं की बाईला चौकशीला ठाण्यावर बोलावता येत नाही, ती राहते तिथे जाऊन विचारावं लागतं. शिवाय ती चार दिवसांची बाळंतीण आहे. मोहित्यांकडे तीन दिवस होते. माझ्याकडे बोट करून साहेब म्हणाले, हिला घेऊन जा.

जीप देवळापाशी ठेवून आपण चालत जाऊ, असं मी सुचवलं. मोहित्यांना चालायला वेळ नव्हता. जीप थेट अंगणाच्या कठड्याला लागली आणि शेजारच्या चार घरांची जनेलं, म्हणजे खिडक्या, उघडली.

सुलभाची आई रुक्मिणी दारातल्या सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या चिऱ्याच्या बाकावर, तांदूळ निवडत बसली होती. नवरा नाही, मुलगा खाणीच्या ट्रकवर. उठलीच नाही. म्हणाली, "घरात सोयर आसा. भितर येवपाक जायना."

बाळंतपणाचा विटाळ अकरा दिवस. बाहेरचा पुरुष बाळंतिणीच्या खोलीत जात नाही, त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. मोहित्यांना हे ठाऊक होतं, त्यांच्याकडेही असंच आहे. ते खोलीच्या बंद दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले आणि दाराला प्रश्न विचारू लागले. त्या दिवशी तू घरात होतीस का? मंगलची किंकाळी ऐकलीस का? आतून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आलं.

"माका कायच खबर ना."

जाधवांनी तेच वाक्य सात वेळा लिहिलं. मग त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, खबर ना म्हणजे माहीत नाही का आठवत नाही?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, बरं.

निघताना रुक्मिणी माझ्याशी बोलली. मोहित्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "मेली ती मेली. माजें चेडूं जिवें आसा. तें जिवें रावंक जाय." चेडूं म्हणजे मुलगी, आणि ती जिवंत राहायला हवी. बारशाला जावई येणार होता. तीन महिन्यांनी तो बायको-मुलीला न्यायला येणार होता. जबानी दिली तर तो येणार नव्हता. वीस वर्षांची मुलगी, पदरी मुलगी, घरात भावाची एकट्याची कमाई. रुक्मिणीचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी साध्या साडीत गेले आणि मोहित्यांना अंगणातच थांबायला सांगितलं. बाई असल्यामुळे मला खोलीत जाता आलं. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली की झालं. खोलीत शेगडीवर ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी होती, डोळे झोंबत होते. रुक्मिणी पेज आणायला गेली. मी बाळाला मांडीवर घेतलं. सुलभा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी मंगलचं नाव काढलं नाही. दूध येतं का, टाके दुखतात का, एवढंच विचारलं.

मग ती भिंतीशीच बोलल्यासारखं बोलली. शाळा मराठीतून सातवीपर्यंत झालेली, वर दीड वर्षं सासरी, त्यामुळे मराठी बोलायची. म्हणाली, "त्या दिवशी स्टोव्ह पेटवलाच नव्हता. पाणी चुलीवर होतं."

तेवढं सांगून तिने पदर तोंडावर ओढला.

मला तेव्हा अक्कल असती तर मी आणखी दोन दिवस बाळाला मांडीवर घेऊन बसले असते. पण मी अंगणात गेले आणि मोहित्यांना सांगितलं. ते उठले, दाराशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "स्टोव्ह पेटवला नव्हता असं तू आत्ता म्हणालीस. खरं की खोटं?" आतून, "माका खबर ना." मी मागे उभी होते. दाराच्या फटीतून तिला माझी साडी दिसली असणार.

मला काय सांगितलं याला कायद्यात किंमत नव्हती. जबानी तपास अधिकाऱ्यापुढे व्हावी लागते. मी नुसती हजर होते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवशी, मला परत पाठवलं ते प्रयत्न करून बघ म्हणून. मोहिते आले नाहीत, ते आणि जाधव आमच्या साहेबांच्या खोलीत कागद रंगवत होते. मी दुपारनंतर पोचले तेव्हा रुक्मिणी सटीच्या तयारीत होती. सहाव्या दिवशी सटी येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते, असं मानतात. तिच्यासाठी पाटावर तांदूळ, नारळ, दिवा, आणि एक कोरा कागद नि लेखणी ठेवतात. सकाळी कागद कोराच असतो. माणसाच्या डोळ्यांना तो वाचता येत नाही, एवढंच. मग तो गुंडाळून बाळाच्या उशाशी ठेवतात.

रुक्मिणीची सगळी तयारी होती, कागद तेवढा नव्हता. घरात होती ती मुलाची ट्रकच्या फेऱ्यांची वही, तिची पानं रेघोट्यांनी भरलेली. दुकान लांब. तिने माझ्याकडे बघितलं.

"बाय, कोरो कागद आसा मगो तुजेकडेन? बरयल्लो चलना." म्हणजे लिहिलेला चालत नाही.

माझ्या पिशवीत जबानीसाठी आणलेले फुलस्केप होते. आमच्या ठाण्याची एक तऱ्हा होती. कोरे कागद शिपाई आपल्या पोरांच्या अभ्यासाला घरी नेत, म्हणून आमचा कारकून नवं रीम आलं की प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ठाण्याचा गोल शिक्का मारून ठेवायचा. शिक्क्याच्या कागदावर पोरं गणितं सोडवीनात, चोरी थांबली. कारकून स्वतःवर खूश होता.

मी एक कागद काढला आणि शिक्क्याचा कोपरा फाडायला गेले. रुक्मिणीने माझा हात धरला. फाटका कागद सटीपुढे चालत नाही, आयुष्य तोकडं होतं. मी कोपरा दुमडून ठेवला. पेनही तिला नवं हवं होतं. मी माझं दिलं, दोन दिवसांपूर्वी घेतलेलं होतं.

सुलभा आत पडून हे बघत होती. आदल्या दिवशीपासून तिने माझ्याशी शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "सटयेक पोलिसांचो कागद चलता?"

मी म्हटलं, "न चालायला काय झालं? सरकारी आहे."

ती किंचित हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. मंगलबद्दल त्या दिवशी मी काही विचारलं नाही, मला तोंड नव्हतं. दिवेलागणीपूर्वी मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहित्यांना परत निघायचं होतं. जाता जाता एकदा दार वाजवू, म्हणाले. या वेळी त्यांनी जीप देवळापाशी ठेवली. शेवटच्या दिवशी का होईना, ऐकलं. ते आणि जाधव अंगणाबाहेर थांबले, मी पुढे झाले.

रुक्मिणी सोप्यावर बसली होती. तिच्या हातात माझा फुलस्केप होता आणि तो तिने ताट धरावं तसा दोन्ही तळव्यांवर धरला होता. पाच मुलं झालेली बाई, त्यांतली दोन जगलेली. पाच वेळा तिने सटीपुढे कागद ठेवला होता आणि पाचही वेळा तो कोरा राहिला होता. आज त्यावर अक्षरं होती. तिला वाचता येत नव्हतं. सुलभा झोपली होती. माझीच वाट बघत होती ती.

"बाय, सटयेन बरयलां," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कितें बरयलां तें वाच."

मी कागद घेतला. शाळेतलं गोल अक्षर, ओळ वर चढत गेलेली, माझ्याच पेनची निळी शाई. दहा-बारा ओळी होत्या. अजून मला त्या पाठ आहेत, पण सगळ्या इथे लिहीत नाही. स्टोव्ह पेटवला नव्हता. रॉकेलचा डबा सासूने आणला. थोरल्या दिराने मंगलला धरलं. मग दोघं बाहेर आली आणि सासूने स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी घातली. नवरा ओट्यावर बसला होता, त्याने रेडिओ मोठा केला. सुलभा मधल्या खोलीत उभी होती. सासू तिला म्हणाली, पोटातल्याचा विचार कर. शेवटच्या ओळी अशा होत्या: "कडी माझ्या हाताजवळ होती. वहिनी आतून माझं नाव घेत होती. मी कडी काढली नाही."

मी तोवर समजत होते की ती सासरच्या भीतीने गप्प आहे.

"बरें आसा मगो?" रुक्मिणीने विचारलं.

मला काहीही सांगता आलं असतं. दीर्घायुषी होईल, शिकेल, घर उजळेल. तिने कागद घेऊन उशाशी ठेवला असता. मी म्हटलं, "आई, हे सटीने नाही लिहिलेलं. तुमच्या लेकीने लिहिलंय." आणि वाचून दाखवलं, हळू, अंगणापर्यंत जाणार नाही असं.

वाचून संपल्यावर तिने हात पुढे केला. आत शेगडी होती, कागद कशासाठी मागते ते मला कळलं. मी दिला नाही. ती उठून माझ्या मनगटाला धरणार तेवढ्यात आतून आवाज आला. झोपलेली नव्हती ती.

"आये, व्हरूं दी तिका." नेऊ दे तिला. मग माझ्यासाठी, "बरयलें तें बरयलें. तोंडान सांगचें ना." लिहिलं ते लिहिलं, तोंडाने सांगणार नाही.

रुक्मिणी खाली बसली. नंतर ती मला एवढंच म्हणाली की बाळाच्या सटीचा कागद तू नेलास.

मोहित्यांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना म्हटलं, साहेब, घाई करू नका. दोन पंच आणा, हिच्या दारात पंचनामा करा, तिच्या अक्षराचा नमुना घ्या. जाधवही तेच म्हणाले. जाधव शेजारी दोन घरी जाऊनही आले. सोयर असलेल्या घरात आम्ही येत नाही, असं दोन्हीकडे सांगितलं. सोयर हे निम्मं खरं कारण होतं. मोहित्यांना आंबोलीचा घाट दिवसा चढायचा होता. नमुना मागाहून मागवू, म्हणाले. कागद कोणी हजर केला ते लिहायला हवं, म्हणून पाठीमागे मी तारीख घालून सही केली. दुमडलेला कोपरा सरळ करून त्यांनी कागद फायलीत ठेवला.

सासू आणि थोरला दीर, दोघांना अटक झाली. दोन महिन्यांनी जामीन झाला. सुलभाला जबानीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं ठरलं, पण विटाळ संपला त्या दिवशी बारसं होतं आणि बारशाला नवरा आला होता. तो आठ दिवस सासुरवाडीला राहिला. त्यानंतर सुलभाने कुणालाच भेट दिली नाही, मलाही नाही. आरोपपत्राबरोबर त्या कागदाची प्रत आरोपींना मिळाली, तसा नियमच आहे. म्हणजे सासूने तो वाचला, किंवा वाचून घेतला. तरीही तीन महिने भरल्यावर ते सुलभाला न्यायला आले. साक्षीदार आपल्या घरात असलेली बरी. ती गेली.

अडीच वर्षांनी मला समन्स आलं. तीन बस बदलून मी त्या कोर्टात पोचले. ओसरीवर बाकावर सुलभा होती, अंगाने उतरलेली. शेजारी एक धिप्पाड म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी पेरू खात होती. मी ते पोर लगेच ओळखलं. म्हातारी तिच्या तोंडातून पेरूच्या बिया काढत होती. तिच्यावर खुनाचा खटला चालू होता.

सुलभाची साक्ष आधी झाली. तिने मान वर न करता सांगितलं की तो कागद सटीपुढे ठेवलेला होता, त्यावर काय लिहिलंय, कुणी लिहिलंय, मला माहीत नाही. कोर्टात दोघं-तिघं हसले. अक्षरतज्ज्ञाने लेखन तिचं असण्याची शक्यता आहे, असं म्हटलं होतं, पण नमुना वर्षभराने घेतलेला आणि तोवर तिने अक्षर बदललेलं.

मग मी. आरोपीचे वकील वयस्क आणि अतिशय सभ्य होते. मला ताई म्हणत होते. कागद कुणाचा, ताई? मी म्हटलं, आमच्या ठाण्याचा. वरचा शिक्का? ठाण्याचा. लिहिलं ते पेन? माझं. पाठीमागची सही? माझी. ही मुलगी लिहीत असताना तुम्ही पाहिलंत? नाही. तिने हे लिहिलं असं तिने तुम्हाला सांगितलं? मी तिचे शब्द सांगितले. ते म्हणाले, ती "लिहिलं" म्हणाली, "मी लिहिलं" म्हणाली नाही, बरोबर? बरोबर. घरात एक रात्र कोरा शिक्क्याचा कागद तुम्हीच ठेवून आलात? हो.

आभार मानून ते खाली बसले. दहा मिनिटंही लागली नाहीत. सगळं खरं सांगून मी पिंजऱ्यातून उतरले. दोघंही सुटली.

बाहेर मोहित्यांनी मला चहा पाजला. मग म्हणाले, "बाई, तो कोपरा तेवढा फाडला असतात तर."

"फाटका चालत नाही," मी म्हटलं. त्यांना कळलं नसावं.

पुढे कुठल्याही वर्तमानपत्रात त्या तालुक्याचं नाव दिसलं की मी बातमी शेवटपर्यंत वाचायची. सुनेला जाळल्याच्या बातम्या कमी नसतात. तिची कधी आली नाही.

आठ-नऊ वर्षांनी एका सकाळी साखळीच्या बस स्टँडवर मला कुणीतरी हाक मारली. सुलभा होती. भरली होती, केसांत एखादी पांढरी बट. बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हातात पावाची पिशवी. आईला बघायला आले होते, म्हणाली. रुक्मिणी आजारी होती. दोडामार्गची बस लागायला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. मुलगी जरा दूर जाऊन बसगाड्यांच्या पाट्या वाचू लागली.

कशी आहेस, असं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

"घरात रॉकेल येत नाही. मी येऊ देत नाही. पहिल्या दिवशी परत गेले तेव्हा बाळाला झोळीत टाकलं आणि दगड घेऊन स्वयंपाकघराच्या दाराची कडी ठोकून काढली. सगळी बघत होती. कुणी काही बोललं नाही."

"आणि सासू?"

"नीट वागते. पोरीवर जीव आहे तिचा. जेवायला आधी ती बसते, मी वाढते, मग मी जेवते." मग म्हणाली, "थोरल्याला दुसरी बायको कुणी दिली नाही. मी देऊ दिली नाही. बघायला आलेल्या मुलीच्या आईला मी पाणी द्यायला जायची, तेवढ्यात दोन शब्द सांगायची."

हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. मग तिने विचारलं, "बाय, तो कागद खंय आसा?"

"कोर्टात."

"अजून?"

"अजून."

"तो आहे म्हणून मी आहे," ती म्हणाली. "सासूला मी वर्षातून एकदा सांगते. आमच्यापैकी कुणाला काही झालं तर तो परत उघडतात, असं. उघडतात ना? किती वर्षं ठेवतात?"

सुटलेल्या माणसावर तोच खटला परत चालत नाही. अपिलाची मुदत गेली, पुढची ठरलेली वर्षं गेली की असे कागद यादी करून जाळतात. मी ठाण्यात अशा याद्यांवर सह्या केल्या होत्या. तिचा कागद तोवर बहुधा जळूनही गेला होता. सुलभा, हे तू इथे पहिल्यांदा वाचते आहेस.

"कायमचा," मी म्हटलं. "उघडतात."

बस लागली. तिने मुलीला हाक मारली, पिशवी घेतली, पदर खोचला.

"सासूला तसं सांगते," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.